तोंडाने काढलेला आवाज

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला बारा खोल्यांची एक चाळ होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. चाळीतल्या लोकांची पहिली दोन वर्षं अशी समजूत होती, की आमच्या घरात सदा भांडणं चालतात. सकाळी आई ‘चहा घ्या’ म्हणायची तेसुद्धा पलीकडच्या विहिरीवर ऐकू जाईल अशा आवाजात, आणि आबा ‘साखर कमी पडली’ म्हणायचे तेही तसंच. भांडण मुळीच नव्हतं. माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं, एवढंच होतं. पण हे ‘एवढंच’ आम्ही तिघांनी घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, आणि घरातही ते कुणी तोंडाने उच्चारलं नाही. कारण आबा ड्रायव्हर होते. समुद्राकाठी तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथे मजूर पोचवायचं काम एका ठेकेदाराने आबांच्या पिकअपला दिलं होतं. गाडी हाकणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही हे कळलं असतं, तर ते काम त्याच दिवशी गेलं असतं, आणि आबांना दुसरं काही येत नव्हतं.

आबा लढाईत तोफखान्याच्या लॉऱ्या चालवत होते. कान तिथेच अर्धे गेले आणि उरलेले हळूहळू. आम्ही मूळचे सातारा बाजूचे. एका जोडीदाराच्या नादाने आबा इकडे आले, येताना डिस्पोजलमधली, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातली, एक जुनी पिकअप घेऊन आले, आणि मग इथलेच झाले. आईला मात्र हे गाव कधी आपलं वाटलं नाही. ती दमलेली बाई होती. पहाटे उठून ती साइटवरच्या आठ जणांचे डबे करायची. सगळे आमच्यासारखेच देशावरून आलेले, भाताला कंटाळलेले, ज्वारीची भाकरी मागणारे. भाकरी, पिठलं, कधी अंबाडी, कधी वांगं. पुढे शेजारणीकडून ती सुक्या बोंबलाची चटणीही शिकली, पण भाजताना पदर नाकाला लावूनच भाजायची. सोळा भाकऱ्या थापून झाल्या की ती भिंतीला टेकून डोळे मिटायची, आणि आबांनी काही विचारलं तर उत्तर द्यायला तिला पुन्हा तेवढा मोठा श्वास घ्यावा लागायचा. म्हणून हळूहळू तिने त्यांना बारीकसारीक गोष्टी सांगणंच सोडून दिलं. ओरडून सांगण्याजोगं घरात असतंच किती? तेल संपलं, पाऊस आला, जेवायला चला. बाकीचं सगळं तिच्या पोटात राहायचं.

आता माझ्या स्वतःच्या डाव्या कानात यंत्र आहे. नात शेजारी बसून काहीतरी सांगत असते, अर्धं कळतं, अर्धं सुटतं, आणि मी हसून मान डोलावते. आबाही असंच हसायचे. त्या हसण्याचा तेव्हा मला राग यायचा.

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. स्थळं बघणं चालू होतं, म्हणजे कोणीतरी यायचं, पोहे खायचं आणि कळवतो म्हणून जायचं. आईने एक दिवस सांगितलं, “शकू, उद्यापास्नं डबे पोचवायला तू जायाचं गाडीतनं.” डबे त्याआधी आबाच पोचवत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, “फकस्त बस त्यांच्याजवळ. डोळं आन् कान उघडं ठेव. त्यांना कायबी बोलू नगंस.” एवढ्यावर मी समजले. आबाही समजले असतील, पण त्यांनीही काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर मांडीत चार आणि पायाशी चार डबे घेऊन बसायला लागले. मागून कुणी हॉर्न दिला की मी उजवा हात समोरच्या फळीवर ठेवायचा, आबा गाडी बाजूला घ्यायचे. रेल्वेचं फाटक पडतानाची घंटा वाजली की दोन्ही हात. आमच्यात असं काही ठरलेलं नव्हतं, ते आपोआप ठरलं. अठराव्या वर्षी बाकीच्या मुली काय करत होत्या मला माहीत नाही, मी सकाळ-संध्याकाळ ऐकत होते. ऐकण्याने माणूस इतकं दमतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मागे मजूर बसायचे; ते पालघरच्या रस्त्यावर, खाडीच्या पुलापलीकडे गाडीत चढायचे. भात कापून झालं की डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं कामाला खाली उतरायची. त्यातल्या निम्म्या बायका. दोन बाजूंना दोन फळ्या, त्यावर बारा-चौदा जण, मधे टोपल्या आणि पोरं. त्यांच्यात जानी नावाची एक बाई होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. ती नेहमी ड्रायव्हरच्या केबिनच्या पाठीला टेकून बसायची आणि मधल्या खिडकीतून माझ्याशी बोलायची. गाडीतला तो आवाज तिनेच पहिल्यांदा ओळखला.

“पोरी,” ती एका सकाळी खिडकीला तोंड लावून म्हणाली, “तुजी गाडी रडते हाय.”

मी ऐकलं. खाडीवरच्या पुलाचा चढ लागला होता. आबांनी पाय दाबला, आणि गाडीच्या मागच्या अंगातून खरंच एक आवाज यायला लागला, बाई तोंड मिटून रडते तसा. ऊंऽऽऽ. चढ जसा वाढला तसा तो वर चढला. पुलाच्या माथ्यावर आबांनी पाय उचलला, आवाज बंद झाला, आणि उतारावर पुन्हा बारीक दोऱ्यासारखा सुरू झाला. आबा शांतपणे समोर बघत होते. त्यांना हाताला, पायाला, बसल्या जागेला गाडी कळायची, गिअर बदलावा कधी ते त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. पण हा आवाज हाताला लागणारा नव्हता. मी त्यांच्या कानाशी ओरडले, “आबा, मागनं आवाज येतोय!” ते हसले, मान डोलावली, म्हणाले, “रस्ता खराब हाय.”

पंधरा दिवस तसेच गेले. शेवटी साइटवरच्या मुकादमाने सांगितलं, की गाडी फार ओरडते, दाखवून घ्या. तेव्हा आबा निघाले. कुरकुरत निघाले, पण निघाले. एका रविवारी, काम नसताना, आम्ही दोघं पालघरला गेलो.

पालघरला माहीमच्या रस्त्यावर दामू मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे झावळ्यांचा मांडव, एक खड्डा आणि दोन लाकडी घोड्या. मिस्त्री मूळ शिरगावचे, साठीला आलेले, बारीक अंगाचे. त्यांची एक गंमत सगळ्या तालुक्याला माहीत होती. जन्म गाड्यांखाली गेला, पण गाडीत बसलं की त्यांना मळमळायचं. फर्लांगभर गेलं तरी उलटी. त्यामुळे गाडी चालवून बघणं त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांची रीत अशी, की गाडीवाल्याने आवाज तोंडाने काढून दाखवायचा. तो काढल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नसत. आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या धोतरातले एक लठ्ठ व्यापारी मांडवाखाली उभे राहून कोंबडीसारखं कुक्-कुक्-कुक् करत होते, आणि मिस्त्री डोळे मिटून गंभीरपणे ऐकत होते. “आजून येक डाव काडा. हां. टायमिंगची चेन हाय.” बाकावर दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते, त्यातला एक केशव, तोही आमच्याच साइटवर खडीचा ट्रक चालवायचा. तिथे जे बोललं जाईल ते संध्याकाळपर्यंत साइटवर पोचणार होतं.

आमची पाळी आली. मिस्त्रींनी आबांकडे बघून तोंडापाशी हात नेला. ती खूण आबांना कळली, कारण त्या रीतीची ख्याती त्यांनाही ठाऊक होती.

“काडा आवाज,” मिस्त्री म्हणाले.

आबा पुढे सरले. मग त्यांनी गाल फुगवले आणि मोठ्याने काढला, “घर्रर्रर्र खट्. घर्रर्रर्र खट्.” इतका हुबेहूब काढला, की केशवने कप खाली ठेवला. तो कुठल्या गाडीचा आवाज होता ते देवाला ठाऊक. लढाईतल्या एखाद्या लॉरीचा असावा, चांगले कान होते तेव्हा ऐकलेला. आमच्या गाडीचा नव्हता. आमची गाडी रडत होती, आणि आबा मला कधीच न भेटलेल्या कुठल्या तरी लॉरीचं दुखणं सांगत होते.

“चाकाचं बेअरिंग,” मिस्त्री म्हणाले. “मागलं. चाक उतरवतो.”

मी बोलायला हवं होतं. आता म्हातारपणी हे वाक्य लिहायला सोपं आहे. तेव्हा मी बाकावरच्या केशवकडे बघितलं, आबांच्या खुशीत आलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि गप्प राहिले. मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं काढली. दैव असं, की उजव्या चाकाचं बेअरिंग खरंच थोडं खाल्लेलं निघालं. जुन्या गाडीत काय चांगलं असतं! सगळ्यांची खात्री पटली. नवी बेअरिंगं बसली, ग्रीस भरलं, गाडी घोडीवर चढवून चाकं फिरवली. बिनओझ्याची चाकं गुपचूप फिरली. “झाली गप,” मिस्त्री म्हणाले.

परत येताना खाडीच्या चढावर ती पुन्हा रडायला लागली. जशीच्या तशी. आबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि मोठ्याने विचारलं, “कशी चालतीय आता? गेला न्हवं आवाज?”

मी मान हलवली. हो म्हणाले. ‘गेला’ असं तोंडाने, ओठ नीट उघडून, त्यांना वाचता येईल असं म्हणाले. त्यांना इतकं बरं वाटलेलं होतं, की मला दुसरं काही म्हणता आलं नाही. हे मी माझ्या बाजूने सांगतेय हे मला कळतं. पुढच्या बाकावर बसवलं होतं ते ऐकायला, आणि ऐकून खोटं सांगितलं, असं त्याचं सरळ नाव आहे.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मला नीट झोप लागली नाही. आवाज रोज थोडा वाढायचा. आधी चढावर होता, मग सपाटीवर आला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर जो लोखंडी गोळा असतो, ज्यात इंजिनाची ताकद वळून दोन्ही चाकांकडे जाते, त्याला पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात; त्या गोळ्याच्या तोंडाशी काळं तेल ठिबकायला लागलं. सकाळी गाडी हलली की चाळीच्या अंगणात रुपयाएवढा डाग उरायचा. मी त्या डागावर राख टाकायचे. आत काय झिजत होतं ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी संपत चाललंय हे कळत होतं. मागे चौदा माणसं बसतात हेही कळत होतं.

एका सोमवारी नेहमीच्या ठिकाणी गाडी थांबली तेव्हा जानी चढली नाही. तिने टोपली डोक्यावर घेतली, मूल कमरेला बांधलं.

“बस ना,” मी म्हणाले.

“नाय बसायची.”

“अगं, तीन कोस चालशील?”

“चालीन,” ती म्हणाली. “या रडक्या गाडीत माज्या पोराला घेऊन मी नाय बसायची. तुमी बी ऐकता, मी बी ऐकते.”

बाकीच्या बायका हसल्या आणि चढल्या. त्या दिवसापासून जानी रोज अंधार फिटायच्या आधी पाड्यावरून निघायची आणि चालत यायची. आमची गाडी तिला वाटेत गाठायची. आबा हॉर्न द्यायचे, ती रस्त्याच्या कडेला सरून उभी राहायची आणि आम्ही तिच्या अंगावर धूळ उडवून पुढे जायचो. आबा विचारायचे, “ही का चालत जाती?” मी खांदे उडवायचे.

तेव्हा मी आईला सांगितलं. दुपार होती. ती डब्यांची भांडी घासून नुकती टेकली होती. मी सगळं सांगितलं, आवाज, मिस्त्री, घर्रर्र खट्, जानी, आणि मी बोललेलं खोटं. तिने राखेचे हात पदराला पुसले.

“त्यांना सांगाया पायजे,” मी म्हणाले.

“सांग की,” आई म्हणाली. “कसं सांगतीस? वरडून? अवं, तुमाला ऐकू येत न्हाई, असं वरडून सांगू मी? सगळी चाळ ऐकंल. सोळा भाकऱ्यांपरमानं आता हेबी मीच थापायाचं?” मग तिचा आवाज उतरला. “मला न्हाई व्हायाचं, शकू. मी दमले.” आणि ती खरंच तशीच बसल्या जागी आडवी झाली.

त्याच आठवड्यात ते झालं. पुलाचा चढ संपत आला होता, आबांनी पाय दाबलेला होता, आणि मागून कडाड् असा एक आवाज झाला. मागची चाकं जागच्या जागी अडकली. गाडी अर्धा हात घसरली, मागे बायका एकमेकींवर कोसळल्या, एक टोपली पुलाच्या कठड्यावरून खाली खाडीत गेली. मग काहीतरी सुटलं आणि चाकं पुन्हा फिरली. कुणाला लागलं नाही. एका म्हातारीचं कोपर तेवढं सोललं. पण तो कठडा गुडघ्याएवढा होता, आणि मी त्याच्यावरून खाली पाहिलं ते अजूनही कधीतरी डोळे मिटल्यावर दिसतं. धक्का आबांनाही कळला होता. ते उतरले, चाकांखाली वाकून बघितलं, “बिरेक धरला वाटतं,” म्हणाले. मजुरांना त्यांनी पुढे चालत जायला सांगितलं, आणि दुसऱ्या एका ट्रकने ओढून आम्ही गाडी पालघरला नेली. दिवसभर आबा ब्रेकबद्दल बोलत होते.

मांडवाखाली पुन्हा तेच. मिस्त्री, बाकावर दोन-तीन ड्रायव्हर, केशव त्यांच्यात होताच. मिस्त्रींनी आबांना खूण केली. आबांनी गाल फुगवले आणि पुन्हा तेच काढलं, “घर्रर्रर्र खट्.”

मिस्त्रींनी डोळे उघडले. “तो तर मी काडला,” ते म्हणाले. “तो कसा ऱ्हायल? पुन्ना काडा.”

आबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि पुन्हा काढला, या वेळी आणखी मोठ्याने. कपाळावर घाम आला होता. त्यांना कळलं होतं की काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नव्हतं, आणि ते चुकीचं आणखी जीव लावून करत होते. ते मला बघवलं नाही.

“तसा नाही,” मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गॅरेजात बायका येत नव्हत्या. मी गाडीपाशी उभी असायचे तेही लोकांना चमत्कारिक वाटायचं. मी मांडवाखाली गेले, पदर खोचला, आणि तोंड मिटून काढला, “ऊंऽऽऽऽ.” चढावर जसा चढतो तसा वर नेला. मग तोडला. मग उतारावरचा बारीक. बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तिकडे लक्ष न देता पुन्हा काढला, पहिल्यापासून, पुलाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, दोन महिने रोज चार वेळा ऐकलेला. आणि शेवटी तो कडाड्. हसणारा गप्प झाला.

“ओडीला का सोडीला?” मिस्त्रींनी हळूच विचारलं. म्हणजे पाय दाबून गाडी ओढत असते तेव्हा, की पाय सोडल्यावर.

“ओढीला. सोडली की क्षणभर थांबतो, मग बारीक येतो.”

“वळताना?”

“वळताना काही वेगळं नाही.”

“कदीपासून?”

“बेअरिंग बदललं त्याच्या आधीपासून,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे. आबा आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते, हसत होते, मान डोलावत होते. मिस्त्रींना समजायला तेवढं पुरलं. “पिन्यन गेला,” एवढंच म्हणाले. “गोळा फोडतो.”

गोळा उघडल्यावर आतलं तेल बाहेर आलं ते काळं नव्हतं, चंदेरी होतं. लोखंडाचा चुरा त्यात मिसळला होता. आत एक मोठं दात्यांचं चक्र असतं आणि त्याला फिरवणारं एक छोटं, पिन्यन. त्या पिन्यनचं बेअरिंग खलास होऊन तो पुढे-मागे हलत होता. त्याचे दोन दाते तुटले होते, आणि त्यातला एक तुकडा पुलावर दोन चक्रांच्या मधे अडकला होता. मिस्त्रींनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. कोवळ्या पोराच्या दाताएवढा होता.

मुंबईच्या भंगार बाजारातून दोन्ही चक्रं येऊन बसायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आबा रोज पालघरला गेले आणि मीही गेले. नवी चक्रं बसवताना ती एकमेकांत ना घट्ट, ना सैल, नेमकी बसावी लागतात. मिस्त्री पिन्यनच्या मागे पत्र्याच्या पातळ चकत्या घालून त्याला पुढे-मागे करत होते. त्यांनी मला बाजारातून शेंदूर आणायला पाठवलं. मारुतीला लावतात तोच. तेलात कालवून त्यांनी तो मोठ्या चक्राच्या दात्यांना लावला आणि चक्र हळूहळू फिरवलं. पिन्यन जिथे टेकत होता तिथला शेंदूर पुसला जायचा आणि लोखंड उघडं पडायचं. डाग दात्याच्या टोकाला पडला की एक चकती घालायची, मुळाशी पडला की एक काढायची. असं त्यांनी कितीदा केलं ते मी मोजलं नाही.

त्या कामात आबा वेगळेच दिसले. गाडीबद्दल बोलायचं नव्हतं, ऐकायचं नव्हतं. फक्त बोटं आणि डोळे. मोठं चक्र धरून ते जरासं हलवायचे, डोळे मिटायचे आणि बोट वर करायचे, आणखी एक चकती. मिस्त्री मापाचं पातं घालून बघायचे तर आबांचं बरोबर असायचं. “तुमची बोटं चांगली हायत, ड्रायवर,” मिस्त्री म्हणाले. आबांना ते ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी स्वतःची बोटं त्यांच्यापुढे धरून दाखवली, तेव्हा ते लाजले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्याला फारशी गोष्ट नाही. आबांनी मजूर नेणं सोडलं. ठेकेदाराकडे जाऊन त्यांनी स्वतः कारण सांगितलं, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, कचेरीभर ऐकू जाईल असं. गाडी केशव चालवायला लागला, आणि आबा दामू मिस्त्रींच्या मांडवाखाली चक्रं बसवायला. जानी पुन्हा गाडीत बसायला लागली. आईचे डबे तसेच चालू राहिले, आणि त्या वर्षी माझं लग्न ठरलं. पण मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं.

पाचव्या दिवशी दुपारी गोळा बंद झाला, नवं तेल भरलं. मिस्त्री गाडीत बसणार नव्हतेच. आबा आणि मी रेल्वे फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी गप्प होती. इतकी गप्प, की मला पहिल्यांदाच तिच्या पुढच्या काचेची खडखड ऐकू आली. परत आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, कसा हाय आवाज, आणि सवयीने हात तोंडापाशी नेला.

आबा खाली उतरले. किल्ली त्यांच्या हातात होती. बाकावर केशव होता, आणखी दोघं होते. आबा म्हणाले, “मिस्त्री, मला तो आधीबी ऐकू येत न्हवता, आन् आताबी येत न्हाई. मला कायच ऐकू येत न्हाई. हिला इच्यारा.” बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. आम्ही तिघांनी इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं ते आबांनी एका दमात सगळ्या पालघरला सांगून टाकलं. मिस्त्रींनी मला विचारलं, मी ‘आवाज नाही’ म्हणाले, आणि मग तिथेच तोंडाला पदर लावून रडले. आबांनी किल्ली केशवपुढे धरली. केशवने आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग ती घेतली.

परत येताना केशव चालवत होता, मी मधे, आबा डावीकडे दाराशी. स्वतःच्या गाडीत ते पहिल्यांदाच त्या बाजूला बसले होते आणि हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. पुलाचा चढ आला. गाडी गुपचूप चढली. आबा माझ्याकडे वळले.

“कसा व्हता?” त्यांनी विचारलं. “मला काडून दाव.”

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि काढला. सगळा जीव एकवटून, पुलाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत. केशव समोर बघत राहिला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. ऐकू आला की गालाला लागला, कोण जाणे.

“एवढा मोठा?”

मी मान हलवली.

“आन् तुला रोज ऐकू यायचा?”

मी पुन्हा मान हलवली. वाटलं, आता ते विचारतील, की मग मला गेला असं का सांगितलंस. मी त्याच्या उत्तराची तयारी करत होते. आबांनी मांडीवरचा माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मग लई दमली असशील, पोरी.”